काचेच्या पेटीतले पट्टेरी

नाकोरोवातू, कादावू बेट
गुरुवार, दुपारच्या जेवणानंतर

आदरणीय मामा,

तोरिकाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आई तुमच्या कंबरेची चौकशी करते. मी तिला सांगितलं की दुखतो तो मामांचा गुडघा, कंबर मामींची. पण तिने रविवारी चर्चमध्ये दोन्हींसाठी प्रार्थना करवून घेतली आहे, तेव्हा ज्याला जे लागू पडेल ते त्याने घ्यावं. तुमच्याकडे सुवा शहरात पावसाने थैमान घातलंय असं रेडिओवर ऐकलं. इकडे कोरडं आहे, दालोचे कंद बरे आलेत, आणि आम्ही सगळे सुखरूप आहोत. सगळे म्हणजे आई, आत्या, वाईसाकेदादा, वहिनी आणि मांजर. माशांचं तसं एका ओळीत सांगता येण्यासारखं असतं तर मी फोनच केला असता (टेकडीवर चढून कलंडलेल्या नारळाखाली उभं राहिलं की फोन लागतो, पण तिथे कायम रांग असते, रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याचं बोलणं ऐकतो, आणि चारचौघांत बोलणं मी सध्या बंद केलं आहे. का, ते पुढे येईल).

तुम्ही ज्या विमा कचेरीत रखवाली करता तिथली ती काचेची पेटी तुम्ही चटयांत गुंडाळून बोटीने पाठवलीत, तिला एक ओरखडाही न पडता ती पोचली. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते आधी मानते. पेटी मला शोभेसाठी नको होती. समुद्राचं शास्त्र शिकून, आपल्या घरातली पहिली पदवी घेऊन मी गावी परतले ती एक गोष्ट मनाशी धरून: धक्क्यासमोरचा प्रवाळाचा खडक काही वर्षं मासेमारीला बंद करायचा. त्या खडकावर ते लहान, फिकट अंगाचे, काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे असतात ना, तुम्ही लहानपणी आईला पोळी भाजल्यासारखे निखाऱ्यावर भाजून द्यायचात ते (त्यांचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही, त्यालाही कारण आहे, पट्टेरी म्हणते). पट्टेरी मासे खडकावरचं शेवाळ खातात. ते आहेत म्हणून प्रवाळ मोकळा श्वास घेतो. आपण ते जाळ्याने ओढून आणतो आणि मग खडक हिरवा का पडला म्हणून चर्चमध्ये उपास धरतो.

हे सगळं मी गावसभेत मांडलं. तक्ते लावले, बाणसुद्धा काढले. पुरुषमंडळी यांगोनाच्या मुळीच्या काढ्याचे पेले रिकामे करत शांतपणे ऐकत होती, त्यामुळे मला वाटलं की पटतंय. गावकारभारी इलाईतियाकाकांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तोरिका, तुला समुद्र राखायचाय. चांगलं आहे. मग आधी घरात राखून दाखव. तुझ्या त्या पेटीत मासे ठेव. पुढच्या सभेपर्यंत जागच्या जागी राहिले, तर खडक बंद करायचं मी स्वतः मांडतो. नाही राहिले, तर तू शाळेत पोरं शिकव आणि आम्हाला सुखाने जेवू दे." सगळे हसले. मी मात्र त्यांना धन्यवाद दिले. मामा, मला खरंच वाटलं होतं की हे सोपं आहे.

खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे म्हणजे आधी पाणी पाळावं लागतं. पेटीत समुद्राचं पाणी भरायचं, खडकाचे जिवंत तुकडे ठेवायचे, आणि काही आठवडे त्यात एकही मासा सोडायचा नाही. डोळ्याला न दिसणारे जंतू त्या दगडांत वाढतात, आणि माशांच्या घाणीचं विष तेच खातात. हे शास्त्र आहे. गावाला मात्र एवढंच दिसलं की सुवाहून शिकून आलेली मुलगी खोलीत दगड भिजत घालून बसली आहे. शेजारच्या बायका पाणी आणायला जाता जाता खिडकीतून विचारायच्या, "काय गं तोरिका, दगडांनी पिल्लं घातली का?" आत्याने तर एकदा गंभीरपणे त्या दगडांसमोर उकडलेल्या कसाव्याचा तुकडा ठेवला. मी चिडले नाही. हवेचा पंप सौर पाटीवर जोडला, पेटीवर ओलं फडकं घातलं, पाणी आटलं की गोडं पाणी घालायचं, खारं नाही, हे घरात प्रत्येकाला समजावलं (पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, दादाने एकदा मदत म्हणून बादलीभर समुद्र ओतला आणि माझे अर्धे जंतू मेले).

मग मासे आणले. एका फुलासारख्या प्राण्यात घर करून राहणारं नारिंगी जोडपं, आणि सहा पट्टेरी, बोटाएवढे. नारिंगी जोडप्यात बायको मोठी असते, नवरा लहान, आणि बायको मेली की तो नवराच हळूहळू बायको होतो. हे मी महिला मंडळात सांगितलं, कारण ज्ञान वाटावं असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवा चहाला आले. बराच वेळ पेटीकडे बघत राहिले आणि जाताना आईला म्हणाले की मुलीचं लग्नाचं वय झालं आहे. असो.

ओहोटीच्या एका सकाळी मी पट्टेरी मोजले. पाच भरले. दगडामागे पाहिलं, पंपाच्या नळीत पाहिलं, पेटीच्या मागे जमिनीवर पाहिलं (कधी कधी उडी मारतात). कुठे नाही. मग चार झाले. नारिंगी जोडपं मात्र जागच्या जागी, पाटलाच्या ओसरीवर बसल्यासारखं. आजाराने मासा मेला तर मढं सापडतं. मढं नाही म्हणजे मासा गेला नाही, नेला. आणि नेला तर कुणी? मामा, मी माणसांवर विश्वास ठेवणारी मुलगी होते. विद्यापीठात माझ्या खोलीला मी कधी कुलूप लावलं नाही. पण त्या दिवसापासून मी घरात प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि तुम्हाला सांगते, नीट निरखून पाहिलं तर चोरासारखं न दिसणारं तोंड या घरात एकही नाही.

मांजर पहिल्यापासूनच बदनाम, पण झाकणावर मी फरशी ठेवत होते आणि मांजराला ती परत जागेवर ठेवण्याचं कारण नाही. आत्या म्हणायची, "ते पट्टेवाले माझ्याकडे बघतात गं, तुरुंगातून बघितल्यासारखे." आता माशाने आपल्याकडे पाहिल्याचं ज्याला टोचतं त्याच्या मनात काहीतरी असणारच, म्हणून मी आत्याचं भांडं हुंगून पाहिलं. अळूची पानं आणि नारळाचं दूध निघालं. इलाईतियाकाका तर रोज येऊ लागले. खुर्ची ओढून पेटीसमोर बसायचे, बोट काचेला लावून मोजायचे आणि "अरेरे" म्हणायचे, पण असं, की जणू जेवणाचं बोलावणं आलंय. मी त्यांच्या छत्रीतसुद्धा डोकावले.

पण खरा संशय दादावर. त्या खडकावर गावात सगळ्यात जास्त जाळं त्याचं पडतं. खडक बंद झाला तर त्याला दूरच्या पाण्यात जावं लागेल, आणि त्याच्या बोटीचं इंजिन कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आता तुम्ही म्हणाल, मग विचारायचं त्याला. कसं विचारू? आपल्या रीतीत मोठी झालेली बहीण भावाशी थेट बोलत नाही, हे काय तुम्हाला मी सांगू? (विद्यापीठात एका परदेशी मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती हळव्या आवाजात म्हणाली, "काय भांडण झालं होतं तुमचं?" मी म्हटलं, भांडण कसलं, मान आहे तो.) तर आमचं बोलणं नेहमीप्रमाणे सेनिमिलीवहिनीमार्फत. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नाही, डोंगराच्या पलीकडल्या किनाऱ्याची, खाली मान घालून काम करणारी. मी तिला म्हणायची, "वहिनी, दादाला विचार, कालचा मासा कुठे गेला." ती जायची, विचारायची, परत यायची आणि सांगायची, "वन्सं, हे म्हणतात, मांजर असेल." मी म्हणायची, "विचार, मांजर झाकण लावतं का?" ती पुन्हा जायची. "हे म्हणतात, हुशार मांजर असेल." असे माझे सगळे उलटतपासणीचे प्रश्न तिने नेले आणि सगळी उत्तरं आणली, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

घरात एकटी तीच मला आधार वाटत होती. सकाळी पेटीतलं थोडं जुनं पाणी काढून ताजं समुद्राचं घालावं लागतं. ते काम तिने न सांगता अंगावर घेतलं. झाकणाची बादली घेऊन किनाऱ्यावर जायची, झाकणाची बादली घेऊन यायची. मी म्हटलं, जुनं पाणी इथेच ओत की अंगणात. तर म्हणाली, "खारं पाणी झाडांना नको वन्सं, समुद्राचं समुद्रातच ओतते." मला इतकं कौतुक वाटलं. आठवीपर्यंतच शिकलेली असून तिला निसर्गाची जाण आहे, असं मी आईजवळ बोलूनही दाखवलं. पावलं उमटावीत म्हणून मी एकदा पेटीभोवती कसाव्याचं पीठ पसरलं, तर सकाळी उठून पाहते तो वहिनीने सगळी खोली झाडून लख्ख केलेली. झाकणाला मी मासेमारीचा दोरा बांधला; तो सुटला तर तिने माझ्यापेक्षा घट्ट बांधून ठेवला. शेवटी मी तिलाच पहाऱ्यावर बसवलं. पट्टेरी दोनावर आले.

सभेचा दिवस आला. दोन पट्टेऱ्यांची पेटी चौघांनी उचलून सभागृहात नेली. इलाईतियाकाकांनी मोजले आणि हात पसरले: "घराला दार, पेटीला झाकण, झाकणाला दोरा. तरी हिला सहा मासे राखता येईनात. उघड्या समुद्राला कुठलं झाकण घालणार?" मागे बसलेल्या बायकासुद्धा हसल्या. मामा, मला तेव्हा तक्ते दिसेनात, बाण दिसेनात. मी उभी राहून म्हटलं की मासे मेलेले नाहीत, चोरले आहेत. चोर घरातला आहे. आणि खडक उघडा राहण्यात ज्याचं हित आहे तोच तो. मी नाव घेतलं नाही. पण धक्क्यासमोर कुणाचं जाळं असतं हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या.

दादाने पेला खाली ठेवला. माझ्याकडे न बघता, सभागृहाच्या या टोकाकडून त्या टोकाला बसलेल्या वहिनीला म्हणाला, "तुझ्या वन्संना सांग, मी त्या माशांना बोट लावलेलं नाही. आणि बोटाएवढ्या माशासाठी स्वतःच्या बहिणीच्या पेटीत चोरी करावी, इतकं माझं जाळं अजून फाटलेलं नाही." सगळ्या सभेने ऐकलं, मीही ऐकलं. पण रीत ती रीत, मी वहिनीकडे बघत थांबले. वहिनी उठली, पदर सावरल्यासारखी कमरेची सुलू नीट केली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "वन्सं, हे म्हणतात, त्यांनी त्या माशांना बोट लावलेलं नाही, आणि बोटाएवढ्या माशासाठी बहिणीच्या पेटीत चोरी करावी इतकं त्यांचं जाळं फाटलेलं नाही." आणि मध्ये श्वासही न घेता, त्याच आवाजात, "आणि मी म्हणते, ते मी सोडले."

इलाईतियाकाका म्हणाले, "कुठे सोडले?"

"खडकावर. जिथून आणले तिथे."

"अगं पण का?"

वहिनी चटईकडे बघत राहिली. तिला बोलता येण्यासारखं नव्हतंच ते. मग आत्याने एकदम तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं बाई. ते तिच्या माहेरचं देवक आहे."

मामा, डोंगरापलीकडच्या त्यांच्या कुळाचं देवक ते पट्टेरी मासे. ती माणसं त्यांना खात नाहीत, मारत नाहीत, आणि त्यांच्या बाईसमोर त्या माशाचं नाव काढणं म्हणजे तिची भर चौकात शोभा करणं. मी रोज सकाळी काचेला नाक लावून मोठमोठ्याने ते नाव घेऊन मोजत होते. तिच्याच तोंडून नवऱ्याला विचारत होते. तिच्या घरची माणसं काचेत डांबून वर तिलाच पहाऱ्याला बसवलं होतं. लग्न झालं तेव्हा मी सुवाला परीक्षेत होते, हे खरं; पण बाकीचं गाव इथेच होतं. आईला वाटत होतं आत्याला माहीत असेल, आत्याला वाटत होतं कारभाऱ्यांनी विचारलं असेल, आणि कारभाऱ्यांना वाटत होतं की असल्या गोष्टी बायकाच बघतात. विचारायची नसते अशी गोष्ट, माहीत असायची असते.

आणि मग एकेकाच्या डोळ्यांसमोर लग्नाचं जेवण यायला लागलं. मला ते चेहऱ्यांवर दिसत होतं, भरती वाळूवर चढावी तसं. त्या दिवशी पंगतीत मुख्य पदार्थ काय होता (मला हे नंतर आत्याने सांगितलं)? खडकावरचे पट्टेरी, टोपलीच्या टोपल्या, नारळाच्या दुधात. व्याहीमंडळी म्हणाली होती, पोट भरलंय, बोटीत बसताना खाल्लं. नुसता उकडलेला नीरफणस खाऊन उठली होती. त्यावर गावात चर्चा झाली होती की डोंगरापलीकडची माणसं खाण्यात कमकुवत. आणि स्वतः इलाईतियाकाका वाढायला गेले होते, व्याह्यांच्या पानात त्यांनी हाताने दुसरा मासा टाकला होता आणि म्हणाले होते, "घ्या हो, लाजता काय, असा तुमच्याकडे मिळायचा नाही." हे त्यांना आत्ता, पेटीसमोर उभं असताना आठवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा म्हणाले, "खडक बंद."

मी म्हटलं, "काका, पण शेवाळाचा तक्ता अजून दाखवायचा राहिलाय."

"खाली बस तोरिका."

तर असं झालं. शेवाळ, प्रवाळ, जंतू, माझी चार वर्षं, यातलं काहीही कुणाला पटलं नाही. पटली ती व्याह्यांपुढची लाज. मी आधी फार रुसले. मग वहिनीबरोबर जाऊन उरलेले दोन सोडून आले. जाताना तिने मला विचारलं की नारिंगी जोडपं कुणाचं देवक नाही ना. मी म्हटलं, पाद्रीबुवांना विचारावं लागेल. ती हसली. मी गावी परतल्यापासून पहिल्यांदाच तिचे दात पाहिले. दादाचा राग अजून गेलेला नाही. काल तिच्यामार्फत त्याचा निरोप आला: "हे म्हणतात, माझं राहू दे, आधी मांजराची माफी माग." मी मागितली. मांजर उठून गेलं.

पण एक गाठ अजून सुटलेली नाही. खडक बंद करायचा तो आता त्यांच्या माशाच्या नावाने, म्हणजे त्यांना विचारल्याशिवाय कसा करणार? येत्या शनिवारी इलाईतियाकाका, आई, दादा आणि काही मंडळी डोंगर ओलांडून व्याह्यांकडे जाणार, चटईवर बसून लग्नाच्या जेवणाची माफी मागणार, आणि त्यांनी ती घेतली तरच खडकावर खुणेचे बांबू रोवायचे. नाही घेतली तर सोमवारपासून जाळी पुन्हा पाण्यात, असं गावातल्या तरण्या पोरांनी आत्ताच बोलून ठेवलंय. ते तसं का बोलतात, कुणाच्या सांगण्यावरून बोलतात, याचा मी तपास करत नाही. मी तपास करणं सोडलं आहे (तरी त्यातले दोघे माझी नजर चुकवतात).

मामींना नमस्कार, मुलांना गोड पापे. गुडघ्याला खोबरेल तेल लावा, ऊन करून.

तुमची भाची,
तोरिका

ता. क. माफी मागायला मोकळ्या हाताने जाता येत नाही हे तुम्ही जाणताच. देवमाशाचा दात न्यावा लागतो, आणि आपल्या गावात एकही ताम्बुआ उरलेला नाही. शेवटचा थोरल्या काकांच्या दफनाला गेला. आई म्हणते, तुमच्याकडे आजोबांचा एक आहे, मधासारखा पिवळा, जुन्या दोरीचा. तो मला हवा आहे. भाचीने मागितलेली वस्तू मामाला नाकारता येत नाही, ही रीत मी काढलेली नाही.

ता. क. २. तो दात हरवला आहे, कुणी उसना नेला आहे, किंवा त्याला वाळवी लागली आहे, ही तीनही कारणं मी विचारात घेतली आहेत. वाळवी दाताला लागत नाही. एवढं मी शिकले आहे.

ता. क. ३. हे पत्र बोटीवरच्या माणसाकडे द्यायचं ठरवलं होतं, पण मग म्हटलं कशाला कुणाच्या हातात द्या. म्हणून मी स्वतःच घेऊन आले. तोंडाने मागायला जीभ रेटत नव्हती म्हणून लिहिलं, आणि आत्ता तुम्ही वाचत असताना मी समोर चटईवर बसले आहे. सावकाश वाचा, घाई नाही, परतीची बोट संध्याकाळी आहे. फक्त तुमचं वाचून होईपर्यंत मामींनी आतल्या खोलीत जाऊ नये.